सदतिसाव्या डावातला हौशी खेळाडू

ओस्ताश्कोव, ९ सप्टेंबर १९७३

प्रिय वेन्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. बुद्धिबळाच्या क्लबात तू कुणाला कसं हरवलंस याची चार पानं, आणि शेवटी 'कापामावशीला नमस्कार'. नमस्कार पोचवला. मावशी म्हणाली, "बरं."

आता कामाचं. मी लग्न करतेय. हसून घे आणि मग पुढे वाच. सेहेचाळिसाव्या वर्षी, तीखोन येगोरोविचशी. मासेमारी खात्यात निरीक्षक आहे, विधुर आहे, पितो ते सणावारीच. मागच्या हिवाळ्यात बर्फावर पडून बरगडी मोडली म्हणून आमच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला आला. माणूस मी आधी आतून पाहिला, मग बाहेरून, आणि दोन्हीकडून बरा वाटला. मे महिन्यात तो माझ्याकडे राहायला येईल. सोबत एक अकॉर्डियन आणि एक कुत्री.

माझी खोली अठरा चौरस मीटरची आहे. तू पाहिलेली नाहीस, कारण तू कधी आलाच नाहीस. मधे कपाट उभं केलंय. अलीकडे मी, पलीकडे मावशी. आता यात तीखोन, अकॉर्डियन आणि कुत्री बसव पाहू.

तुला विसर पडला असेल म्हणून लिहिते. सहासष्ट साली तू आणि नेली नवरा-बायको एका खोलीत राहत होतात आणि स्वयंपाकघर आणखी पाच कुटुंबांबरोबर वापरत होतात. मावशीने आपली हक्काची खोली तुझ्या खोलीत मिळवली, दोन्ही देऊन तुम्ही अदलाबदलीत कार्पोव्का नदीकाठचं दोन खोल्यांचं स्वतंत्र घर घेतलंत. मोठी खोली तुमची, नदीकडची छोटी मावशीची. दोन वर्षांनी तू तिला 'उन्हाळ्यापुरती, तळ्याची हवा खायला' माझ्याकडे पाठवलंस. हा सहावा उन्हाळा संपला. हवा पुरेशी खाऊन झाली आहे. तिची खोली तिला परत दे.

तुझी मावसबहीण,
रिम्मा


लेनिनग्राड, २३ सप्टेंबर १९७३

प्रिय रिम्माताई,

प्रथम अभिनंदन. बरगडीतून प्रेम जडल्याचं उदाहरण फार जुनं आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मावशीबद्दल तू लिहिलंस ते भावनेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण स्थितीचं मूल्यमापन शांतपणे करायला हवं. एक, ती खोली ओलसर आहे. दोन, नेलीच्या नसा नाजूक आहेत. तीन, त्या खोलीत सध्या माझी अभ्यासिका आहे. गेली तीन वर्षं मी तिथे रोज सकाळी कामावर जाण्याआधी ग्रँडमास्टर स्त्रेमुखोवच्या टिपांसह छापलेल्या डावांचा अभ्यास करतो. शंभर डाव आहेत, प्रत्येक चालीखाली टीप. माणूस नुसती चाल सांगत नाही, चालीमागचा विचार सांगतो. मला ते पुस्तक आता जवळजवळ पाठ आहे. पहिल्या वर्गाचा खेळाडू ठरायला मला फक्त दीड गुण कमी आहे. अशा वेळी पट हलवणं म्हणजे मधल्या खेळात राजा उघड्यावर काढण्यासारखं होईल.

तरीही आपण सुसंस्कृत माणसं आहोत, भांडायचं कशाला? आपण हे पटावर सोडवू. पत्राने एक डाव खेळू. हरेल त्याने मावशीला ठेवायचं. पांढऱ्या सोंगट्या माझ्या, कारण प्रस्ताव माझा. नियम नेहमीचेच: प्रत्येक चालीला दहा दिवस, त्याहून उशीर झाला तर डाव गेला. 'तू असं केलंस तर मी तसं करीन' असं लिहून पाठवलं, तर ती चाल झाली असं धरायचं, मागे घ्यायची नाही. सोबत करारपत्र दोन प्रतींत जोडलं आहे. मी सही केली आहे, तूही कर.

लहानपणी आजोबांच्या पटावर तू घोडा सरळ चालवायचीस हे मला आठवतं. तेव्हा हवी असेल तर मावशीची मदत घे. तिलाही थोडं येतं, आजोबांबरोबर संध्याकाळी बसायची. म्हातारीला तेवढाच विरंगुळा. मात्र पैजेचं तिला कळू देऊ नकोस, उगाच मन दुखावेल.

तुझा,
वेनियामिन


ओस्ताश्कोव, १ ऑक्टोबर १९७३

वेन्या,

म्हाताऱ्या माणसाला पैजेला लावायचं आणि वर तिचं मन दुखावू नये म्हणून जपायचं, हे फक्त तुला सुचू शकतं. रागाने मी पत्र चुलीत टाकणार होते. मग विचार केला की एरवी तू खोली सोडणारच नाहीस. आयत्या बिळात शिरलेल्या नागोबाला बाहेर काढायला पुंगी वाजवायची तर वाजवून बघू.

करारपत्रावर सही केली आहे. दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत.

मावशीला एवढंच सांगितलं की वेन्याला पत्राने बुद्धिबळ खेळायचंय आणि मला येत नाही. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "तो कुणाच्या पुस्तकातून शिकतो?" मी तुझ्या स्त्रेमुखोवचं नाव सांगितलं. तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "पट काढ."

आजोबांचा पट तिच्याकडेच आहे, पेटीच्या तळाशी फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला. एक काळं प्यादं हरवलंय, त्याच्या जागी तिने शिवणाचं अंगुस्तान ठेवलंय. पाठव तुझी चाल.

रिम्मा


लेनिनग्राड, १८ नोव्हेंबर १९७३

प्रिय रिम्माताई,

आठ चाली झाल्या. आता थोडं थांबून विवेचन करणं मला उचित वाटतं. नुसतं खेळून माणूस शिकत नाही.

माझ्या पहिल्या दोन चालींनी मध्य ताब्यात आला. तिसरीला मी उद्गारचिन्ह देतो. पाचव्या चालीला उंट राजाच्या बाजूकडे रोखून धरला, तिला दोन उद्गारचिन्हं. सहाव्या चालीला मी राजाला कोपऱ्यात नेऊन किल्ला बांधला. ही साधी चाल आहे, तरी वेळेवर केल्याबद्दल एक देतो.

तुमच्या खेळाबद्दल वाईट वाटून घेऊ नका, पण तिसऱ्या चालीला प्रश्नचिन्ह, चौथीला प्रश्नचिन्ह, आणि आठव्या चालीला तुम्ही वजीर पार माझ्या मुलखात बी-दोन घरात घुसवून एक फडतूस प्यादं खाल्लंत, तिला दोन प्रश्नचिन्हं. गंमत अशी की ही सगळी सुरुवात, अगदी या प्याद्याच्या लोभापर्यंत, स्त्रेमुखोवच्या पुस्तकातल्या सदतिसाव्या डावासारखी झाली आहे. त्याने तो एकोणपन्नास साली लेनिनग्राडमधल्या कुठल्याशा कारखान्याच्या सभागृहात खेळला, एका वेळी तीस जणांविरुद्ध. समोर होता कुणी हौशी खेळाडू. या चालीखाली स्त्रेमुखोव लिहितो: "लोभ हा हौशी माणसाचा स्थायीभाव आहे. वजीर प्याद्यामागे गेला आणि राजा घरी एकटा राहिला."

काय वाक्य आहे! मी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून अभ्यासिकेत लावलं आहे.

नेली म्हणते की मे महिन्यात त्या खोलीसाठी काचेचं पुस्तकाचं कपाट मिळतंय. तिने यादीत नाव नोंदवलं आहे.

तुझा,
वेनियामिन


ओस्ताश्कोव, ४ डिसेंबर १९७३

वेन्या,

तुझ्या चालींना उद्गारचिन्हं चार आणि आमच्या चालींना प्रश्नचिन्हं चार निघाली. तीखोनने मोजली. तो म्हणाला, "हा माणूस मासा पकडण्याआधीच त्याचं वजन सांगतो." तीखोनचा मला हाच गुण आवडतो, कमी बोलतो पण तोलून.

तुझं विवेचन मी मावशीला वाचून दाखवलं. पैजेचा भाग अर्थातच गाळला, काचेच्या कपाटाचाही. ती सूप ढवळत होती. लोभाचं वाक्य आलं तेव्हा तिने पळी बाजूला ठेवली आणि हसली. तुला सांगते, सहा वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती, खुर्चीत बसावं लागलं तिला. मग म्हणाली, "पुस्तकात त्या हौशी खेळाडूचं नाव दिलंय का, विचार त्याला." म्हणून विचारते. दिलंय का?

आमची नववी चाल वेगळ्या कार्डावर पाठवली आहे. चाल मावशीची, हस्ताक्षर माझं. दुपारी कामावरून येते तेव्हा पट खिडकीत मांडलेला असतो आणि ती त्याच्याकडे न बघता बटाटे सोलत असते. मी म्हणते, मावशी, विचार कर ना जरा. ती म्हणते, "विचार करून झालाय."

तिला खोकला झालाय, पण डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. मीच फोटो काढला, मीही पाहिली. तुझ्या ओलसर खोलीत ती खुशाल राहील.

रिम्मा


लेनिनग्राड, ११ जानेवारी १९७४

प्रिय रिम्माताई,

नववर्षाच्या शुभेच्छा. हलव्याचा डबा पाठवला आहे, मावशीला दे. नेलीने त्यातला थोडा आधीच चाखला आहे.

नाव? अशांची नावं कोण छापतं? पुस्तकात एका बाजूला 'अ. स्त्रेमुखोव' आणि दुसऱ्या बाजूला 'हौशी खेळाडू' एवढंच आहे, आणि तेवढंच पुरे आहे. डाव त्याच्यामुळे सुंदर झालेला नाही. ज्याच्यावर सुंदर चाल खेळली गेली, एवढंच त्याचं कर्तृत्व. हे मावशीला जरा सौम्य शब्दांत सांग.

आता डावाबद्दल. चौदा चाली झाल्या आणि तुम्ही अजून त्या बिचाऱ्याच्या पावलावर पाऊल टाकून चालला आहात. पुस्तक तुमच्याकडे नाही, तेव्हा ही नक्कल नव्हे. हौशी माणसं एकाच खड्ड्यात पडतात, कारण त्यांना तोच रस्ता वाटतो. मला तर वाटतंय मी स्वतः स्त्रेमुखोव आहे आणि सभागृहात पटांमधून फिरतो आहे.

पुढे दर आठवड्याला एकेक कार्ड पाठवून तुमचा छळ करावा असं मला वाटत नाही. म्हणून एकदमच लिहितो आणि नियमाप्रमाणे यांना बांधील राहतो.

पंधरावी चाल: माझा उंट डी-तीन घरातून सुटतो आणि तुमच्या राजासमोरचं एच-सातचं प्यादं खातो. शह. तुमच्या राजाने उंट घेतला, तर माझा घोडा जी-पाचला येतो. शह. राजा मागे जी-आठला गेला, तर माझा वजीर डी-एक सोडून एच-पाचला येतो. पुढच्या चालीला एच-सातवर मात.

इथे स्त्रेमुखोवची शेवटची टीप आहे: "काळ्याने शरणागती पत्करली. बाकी सर्व स्पष्ट आहे." मी यात काही भर घालू इच्छित नाही.

उत्तराला शरणागतीचं एक कार्ड पुरेल. मी ते अभ्यासिकेत लावीन. मावशी तुझ्याकडेच राहणार याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तीखोन येगोरोविच अकॉर्डियन तळ्यावर जाऊन वाजवू शकेल.

तुझा,
वेनियामिन


ओस्ताश्कोव, २० जानेवारी १९७४

वेन्या,

हलवा मिळाला. अर्धा.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. हरल्याचं नव्हे. मी कपाटापलीकडे पाहिलं तर मावशी माझे मोजे रफू करत बसली होती, आणि मला वाटलं, आपण दोघांनी तिला हलव्याच्या डब्यासारखं इकडून तिकडे ढकलायला काढलंय. तू ढकललंस आणि मी सही केली. मला माझीच लाज वाटली. मी तीखोनला म्हटलं, लग्न राहू दे. तो म्हणाला, "आधी म्हातारीला पत्र तर वाचून दाखव."

वाचलं. 'कर्तृत्व' सौम्य शब्दांत सांगायला मला जमलं नाही, म्हणून जसंच्या तसं सांगितलं. मावशीने मोजा खाली ठेवला, पटापाशी गेली आणि उभ्या उभ्याच तुझ्या चाली मांडल्या. उंट खाल्ला. तुझा घोडा आणला. राजा मागे नेला. तुझा वजीर आणला. मला एच-सातवर मात दिसत होती, मलासुद्धा. मग तिने आमचा तो लोभी वजीर उचलला, बी-दोनातून शेजारच्या सी-दोनात ठेवला आणि परत येऊन मोजा घेतला.

मी विचारलं, एवढंच? तिने मला समजावलं, तेच तुला लिहिते, कारण तुलाही समजावून घ्यायला आवडतं. सी-दोनातून एच-सातपर्यंत तिरपी सरळ वाट आहे. आजवर ती तुझ्याच उंटाने डी-तीनात बसून अडवली होती. तो उंट तू मोठ्या थाटात बळी दिलास. सी-दोनावर पहारा होता तो त्याच उंटाचा आणि तुझ्या वजिराचा. वजीरही तूच मात करायला दूर पाठवलास. आता आमचा वजीर एच-सातवर डोळा ठेवून आहे, मात होत नाही, आणि तुझा उंट आमच्या डब्यात आहे.

तेव्हा: तुझ्या तिन्ही चाली मान्य. आमची सतरावी चाल, वजीर सी-दोनला. तुझ्या पुस्तकात पाहून याखालची टीप कळव.

रिम्मा


ओस्ताश्कोव, १८ फेब्रुवारी १९७४

वेन्या,

एकोणतीस दिवस झाले. टपाल दोन दिवसांत जातं. तुझी प्रकृती बरी आहे ना? उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस उंटच गेल्यावर काय करतो, अशी तीखोनला काळजी लागली आहे.

रिम्मा


लेनिनग्राड, २ मार्च १९७४

प्रिय रिम्माताई,

मला फ्लू झाला होता. नेलीलाही. शिवाय कार्यालयात वार्षिक आराखड्याची धांदल होती.

तुमची सतरावी चाल मी पाहिली. प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, पंधरावी ते सतरावी या चाली मी अभ्यासाच्या दृष्टीने सुचवल्या होत्या. त्यांना काटेकोर अर्थाने बांधील समजणं हे मैत्रीपूर्ण डावाच्या भावनेला धरून नाही. मी पंधराव्या चालीला उंट न देता शांत चाल करावी, असं माझ्या मनात आधीपासून होतं. नेली साक्षीला आहे.

दुसरी गोष्ट, वजीर सी-दोन ही चाल पुस्तकात नाही. स्त्रेमुखोवसारख्या माणसाने ती पाहिली नसेल हे शक्यच नाही. म्हणजे तिचं काहीतरी उत्तर असलंच पाहिजे, ते इतकं उघड असेल की त्याने लिहिलं नाही. मी तीन आठवडे ते शोधतो आहे. क्लबातल्या आठ जणांना दाखवलं. एकाने मला विचारलं की उंट कुठे गेला. शेवटी मी बुद्धिबळाच्या मासिकाच्या पत्त्यावर थेट ग्रँडमास्टरना लिहिलं. त्यांच्या सचिवाचं उत्तर आलं, ते उतरवून पाठवतो:

"आदरणीय कॉम्रेड, आपला अभ्यास स्तुत्य आहे. डाव क्रमांक ३७ बाबत पृष्ठ ११२ वरील टीप पाहावी. बाकी सर्व स्पष्ट आहे. सदर हौशी खेळाडूचे नाव नोंदलेले नाही."

यावरून काय ते समजावं.

तिसरी गोष्ट, मी बरोबरी देऊ करतो. मावशी उन्हाळ्यात तुझ्याकडे राहील, हिवाळ्यात तळं गोठल्यावर तिथली हवा अधिकच कोरडी असते म्हणून तेव्हाही, आणि वसंतात व शरदात आपण वेळोवेळी पाहू. हलवा मी नियमित पाठवीन, आता पूर्ण डबा.

ताई, एक खरं सांगतो. ती खोली सोडून माझ्याकडे माझं असं काही नाही. कार्यालयात माझ्यावर तिघं साहेब आहेत, घरात नेली. त्या खोलीत सकाळी एक तास मी कुणाला तरी हरवतो. एवढंच.

तुझा,
वेनियामिन


ओस्ताश्कोव, २५ मार्च १९७४

वेन्या,

हे पत्र मी, कापितोलिना, लिहिते आहे. रिम्मा कामावर गेली आहे. तिला दाखवीन, पण टाकून झाल्यावर.

पैजेचं मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. रिम्मा तुझी पत्रं पिठाच्या डब्याखाली लपवते. या घरात पीठ कोण मळतं याचा विचार ना तिने केला ना तू. करारपत्र वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही, रिम्माला वाटलं पोट बिघडलंय, तिने त्याचाही फोटो काढला. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, मला पैजेला लावायचंच असेल तर निदान खेळेन तरी मीच.

तू हौशी खेळाडूचं नाव विचारलंस, सचिवाने नोंदलेलं नाही म्हणून कळवलं. नोंदून घे. कापितोलिना साव्विश्ना ड्रोज्दोवा, आराखडे काढणारी, जहाजबांधणी कारखाना, आठवा पट.

फेब्रुवारी एकोणपन्नास. सभागृहात तीस पट गोल मांडले होते. तीस जणांत मी एकटी बाई. तुझा स्त्रेमुखोव माझ्यापाशी आला, वाकला आणि म्हणाला, "बाई, नवऱ्याची जागा धरून बसलात का?" नवरा बेचाळीस साली गेला होता. मी म्हटलं, "नाही, माझीच आहे." तो हसला आणि भराभर खेळला. बी-दोनचं प्यादं मी मुद्दाम खाल्लं, कारण अशा माणसाला समोरचा लोभी वाटला की तो पुढचं बघत नाही. आम्हा दोघांत लोभ कुणाला होता ते उंट गेल्यावर ठरलं.

मी वजीर सी-दोनला ठेवला तेव्हा तो उभा राहिला आणि राहिलाच. पुढच्या पटावरचा फिटर म्हणाला, "कॉम्रेड ग्रँडमास्टर, आम्हालाही हरायचंय, या की." तो चार फेऱ्या मारून आला, चारही वेळा माझ्या पटापाशी थांबला आणि खेळला काहीच नाही. मग आयोजक म्हणाला की सभागृह रिकामं करायचंय, उरलेले डाव बरोबरीचे समजू. स्त्रेमुखोवने हात पुढे केला, मी घेतला. चाली लिहिलेला माझा कागद त्याने 'संग्रहासाठी' नेला. सहा वर्षांनी पुस्तक आलं. दुकानात उभी राहून मी पान एकशेबारा वाचलं. बरोबरी झालेल्या डावात मी शरण आले होते, आणि बाकी सर्व स्पष्ट होतं.

मी कुणाकडे गेले नाही. कागद त्याच्याकडे होता, नाव त्याचं होतं, आणि मला कामावर जायचं होतं. पण पंचवीस वर्षं मी वाट पाहिली की कुणीतरी तो डाव माझ्याशी पुन्हा खेळेल. तो माझा भाचाच निघेल असं वाटलं नव्हतं. एक गोष्ट तुला शिकवते, पुस्तकं वाचायला तुला आवडतं म्हणून. 'बाकी सर्व स्पष्ट आहे' असं कुणी लिहिलं की तिथेच पट मांडून बसावं. तू मला तळ्याकाठी पाठवलंस तेव्हाही असंच काहीसं म्हणाला होतास.

तुझी बरोबरी मला नको. बरोबरी मी एकदा घेतली आहे. आणि ती द्यायला तुझ्याकडे डावही उरलेला नाही. दहा दिवसांचा नियम तूच केलास आणि एक्केचाळीस दिवसांनी चालीऐवजी फ्लू कळवलास. करारपत्राच्या दोन्ही प्रती माझ्यापाशी आहेत, तुझी तू पहिल्याच पत्रासोबत इकडे पाठवली होतीस, तेही तुला आठवत नसेल.

रिम्मावर माझा राग नाही. तिने मला सहा वर्षं कपाटामागे ठेवलं, पण कपाटाचं आरशाचं दार माझ्या बाजूला करून ठेवलं. तिने लग्न करावं. तीखोन चांगला आहे, कुत्री त्याहून चांगली आहे.

तुझ्या पत्राचा शेवट मी दोनदा वाचला. तिथे तू पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं लिहिलंस, म्हणून त्यालाच मी एक उद्गारचिन्ह देते. सकाळचा तुझा एक तास मी घेणार नाही. पट खिडकीत राहील. तू समोर बस आणि कुणाला तरी हरव, जमलं तर. पुस्तक मात्र त्या खोलीत येणार नाही, आणि लोभाचं ते वाक्य भिंतीवरून उतरव. काचेच्या कपाटाच्या यादीतून नेलीला नाव काढायला सांग. माझं कपाट मला लागत नाही, पण माझ्या आणि खिडकीच्या मधे आता कुणाचंच नको.

मी बारा एप्रिलला निघते, बोलोगोयेला गाडी बदलते आणि तेराला सकाळी पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, ट्राम मला माहीत आहे. सामान एक पेटी आणि पट. अंगुस्तानही आणते, प्यादं अजून सापडलेलं नाही.

आता तुझ्या नियमाने लिहिते, म्हणजे चाल झाली असं धर. तू दार उघडलंस, तर मी आत येईन. तू दार उघडलं नाहीस, तर किल्ली माझ्याकडे आहे, सहा वर्षं गळ्यात आहे.

तुझी मावशी,
कापितोलिना